म्हशीसाठी आडवी झालेली डायरी

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं की लोकांना वाटतं बढाई मारतोय, आणि न सांगून चालणार नाही, कारण पुढची सगळी भानगड त्या बी.ए.मुळेच झाली.

घर गवळ्याचं. कोल्हापुरात पेठेत राहायचो, पण निम्मं घर माणसांचं आणि निम्मं म्हशींचं. पुढच्या खोलीत मी पुस्तक उघडून बसलो की भिंतीपलीकडून रवंथ केल्याचा आवाज यायचा. त्या आवाजावर मी इंटर पास झालो, त्याच आवाजावर बी.ए. झालो. निकाल लागला त्या दिवशी आईनं दारात रांगोळी काढली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोरलीला जादा घमेलंभर पेंड घातली. थोरली म्हणजे आमची सगळ्यांत मोठी म्हैस. मी पास झाल्याचा आनंद तिला कशाला, असं आईनं विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "ह्येची फी कुणी भरली? तिनंच की!"

खरं होतं ते. माझा कधी वाद नव्हता.

पण बी.ए. झालो तरी मला धार काढता येत नव्हती. थोरली मला सडाला हात लावू द्यायची नाही. मी शेजारी बसलो की शेपटीनं तोंडावर फटकारायची आणि एक पाय उचलून तसाच धरायची, टाकू का नको असा विचार केल्यासारखी. आबांना ह्याचं मोठं दुःख. त्यांना मुलगा एकच. कॉलेज संपलं, आता पोरगं धंद्यात येणार, असं त्यांनी मनात पक्कं केलेलं. त्यासाठी भांडीबाजारातून एक नवी पितळी कासंडी, धार काढायचं भांडं, आणून गोठ्यातल्या खुंटीला लावून ठेवली होती. रोज सकाळी बाहेर पडताना ती माझ्याकडं बघायची.

मी मात्र एका छापखान्यात जाऊन बसलो होतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं, तालमीच्या वर्गणीच्या नोटिसा, असली कामं तिथं चालायची. मालक शिक्षकाच्या घरातले, किडकिडीत, चष्मा लावणारे, कुणालाही 'अहो' म्हणणारे. मला म्हणाले, "अहो, तुम्ही शिकलेले आहात, मला माणूस हवाच आहे. पण कायम करण्याचं दिवाळीपर्यंत बघू. तेवढं काम आलं तर पुढं ठेवून घेतो." घरी येऊन हे सांगितलं. आबांनी तेवढाच एक शब्द उचलला. "दिवाळीपतोर ना? बरं हाय. दिवाळीपतोर खेळ तिथं. पाडव्याला कासंडी हातात घ्यायची."

म्हणजे पाडव्यापर्यंत छापखान्याला माझी गरज आहे हे दिसलं तर मी छापखान्याचा, नाहीतर थोरलीचा. इतका साधा हिशेब होता.

गणपती झाल्यावर छापखान्यात एक व्यापारी आले. पेंडीचे मोठे व्यापारी. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. गारगोटी, मलकापूर, कुरुंदवाड, सगळीकडं त्यांची सरकी पेंड जायची. आमच्या घरीसुद्धा त्यांचीच. त्यांनी पिशवीतून एक डायरी काढून मालकांपुढं टाकली. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं त्यांना भेट दिलेली. एका पानावर एक आठवडा, समोरच्या पानावर एक रंगीत चित्र. बर्फाचे डोंगर, तळ्यातली बदकं, लाल फुलांची शेतं. वरच्या पुठ्ठ्यावर एका गोऱ्या बाईनं छत्री धरलेली.

"असली पायजे," अण्णा म्हणाले. "पर असली नको."

मालकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना कळलं नाही की ते असं करायचे.

मला कळलं. मी म्हणालो, "अण्णा, आठवड्याची डायरी पाहिजे, पण आपली पाहिजे. दुधाच्या धंद्याची."

"ह्यो कोण?" अण्णांनी मालकांना विचारलं.

"बी.ए. आहेत ते," मालक म्हणाले.

"गवळ्याचा हाय मी," मी म्हणालो. अण्णा माझ्याकडं वळून बसले.

मग मी तिथल्या तिथं सांगत सुटलो. वर्ष जानेवारीपासून कशाला, दिवाळीच्या पाडव्यापासून पाडव्यापर्यंत घ्यायचं, कारण गवळ्याची देणीघेणी आणि म्हशींचा मान सगळा पाडव्याला. रोजच्या दिवसाला दोन खण पाडायचे, एक सकाळचा, एक संध्याकाळचा, कारण धारा दोन वेळेला. आणि दर आठवड्याला एक चित्र, त्या त्या वेळेचं. उसाचा आठवडा, गुऱ्हाळाचा आठवडा, जोतिबाच्या यात्रेचा, वळवाच्या गारांचा, बैलांच्या बेंदराचा, हिरव्या वैरणीचा. ज्याला वाचता येतं त्यानं तारीख वाचावी, ज्याला येत नाही त्यानं चित्र बघावं.

"आणि वर?" अण्णांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "ही छत्रीवाली नको. वर म्हस पायजे. माझी पेंड खाऊन तुकतुकीत झालेली. बघितल्याबरोबर लोकांनी इचारलं पायजे, हिला घालता काय?"

काम मिळालं. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली; हात इतका हलका की शर्टालासुद्धा कळलं नसेल. म्हणाले, "अहो, हे आता तुमचंच काम. हे नीट पार पडलं तर दिवाळीनंतरची काळजी करू नका."

चित्रांसाठी पेंटर शोधायला लांब जावं लागलं नाही. सिनेमाचे मोठाले बोर्ड रंगवणारा एक पेंटर छापखान्याच्या मागच्याच बोळात राहायचा. थिएटरवर त्याचे बोर्ड लागले की लोक सायकली थांबवून बघत. नटीचे डोळे काढावेत तर त्यानंच. त्यानं आतली छोटी काळी चित्रं पटापट काढून दिली, फार सुरेख. गुऱ्हाळाच्या चित्रात काहिलीवरची वाफ अशी काढली होती की तोंडाला पाणी सुटावं. पण पुठ्ठ्याच्या चित्राला म्हणाला, "म्हस समोर पायजे. नटीचा फोटो मिळतो मला. म्हशीचा कोण देतो?"

मी म्हणालो, "चला आमच्या कट्ट्यावर."

कोल्हापूरच्या माणसाला कट्टा सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगतो. संध्याकाळ झाली की गवळी आपली म्हैस घेऊन चौकात येतो, कट्ट्याशी उभी करतो आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यातून हातात देतो. पैलवान येतात, हमाल येतात, वकील येतात, दूध पितात आणि ओठावरचा फेस पुसून गावाचं राजकारण करतात. आबांची जागा चौकाच्या एका अंगाला, समोरच्या अंगाला दुसरे एक गवळी. त्या दोघांचं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणं असं नव्हतं, पण एकमेकांना ऐकू जावं म्हणून दोघं मोठ्यानं बोलायचे.

पेंटरला बघितल्यावर आबांनी आधी थोरलीची पाठ थोपटली. पेंटरनं उलट्या बादलीवर बैठक मारली, फळीवर कागद लावला. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "किती येळ लागंल? तिला ताटकळायची सवय न्हाय." मग पहिली रेघ उमटली, तसं आबांनी समोरच्या कट्ट्याला ऐकू जाईल असं खाकरून सांगितलं, "आमच्या थोरलीचं चित्र निघालंय! पुस्तकावर छापणार हाईत!"

समोरून उत्तर आलं, "व्हय? पुस्तक कशाचं, आजारपणाचं?"

झालं. चौक जमा झाला. पेंटर एकटा आणि सल्लागार पन्नास.

"पेंटर, शिंगं जरा मागं घ्या की. नांगर दिसालाय."

"कान बघा कान, डावा कान फाटका हाय तिचा."

"फाटका काढू नगासा वो," आबा मध्येच म्हणाले. "तेवढं झाकून घ्या."

"अहो, ती हलते!" पेंटर.

"मग काय, नटी हाय व्हय ती, पोझ द्यायला?"

एक पैलवान पेला हातात धरून मागं उभा राहिला होता. तो बराच वेळ बघून म्हणाला, "डोळं मातूर ब्येस आल्यात. माझ्याकडंच बघतीया." त्यावर सगळे हसले, आणि थोरलीनं खरंच त्याच्याकडं बघून एक लांब फुंकर सोडली.

अंधार पडायच्या आधी पेंटरनं तोंड पुरं केलं. काय तोंड होतं! कपाळावरचा पांढरा ठिपका, शिंगांची गोल वळणं, आणि ते डोळे. काळेभोर, ओले, पापण्या लांब. आईला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिचं डोळं हाईतच तसं. तुमास्नी आत्ता दिसलं." पेंटर म्हणाला, आता अंग काय, घरी बसून काढतो, अंगाला म्हस समोर लागत नाही. आम्हीही हो म्हणालो. आणि तिथंच सगळं चुकलं.

आठवड्यानं चित्र तयार झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अण्णांना दाखवायचं होतं, ते पसंत पडलं की लगेच छपाईचा ब्लॉक करायला पाठवायचं. मला राहवेना. आबांना आधी दाखवावं म्हणून मी पेंटरला घेऊन संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. चौक वाट बघतच होता. पेंटरनं वरचं वर्तमानपत्र काढलं.

कोल्हापूरच्या चौकात शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तोंड तसंच होतं, सुंदर, निम्मं पान व्यापून राहिलेलं. सिनेमाच्या बोर्डावर नटीचं तोंड असतं तसं. आणि त्या तोंडामागं, उरलेल्या जागेत, पेंटरनं सगळी म्हैस बसवली होती. पाठ आखूड, पोट आत, मागचे पाय जवळ जवळ. कमरेपाशी तर अशी बारीक की मुठीत धरावी.

पैलवान हळूच म्हणाला, "शेळीला म्हशीचं तोंड लावलंय का हो?"

समोरचे गवळी इतक्या वर्षांत पहिल्यांदा चौक ओलांडून आमच्या बाजूला आले. चित्राकडं बघितलं, आबांकडं बघितलं. "काय वो, आजारी हुती म्हणायची," असं म्हणून अतिशय गंभीर चेहऱ्यानं परत गेले. हसले असते तर बरं झालं असतं.

आबांच्या हातात पेला होता तो त्यांनी खाली ठेवला. "हे छापणार तू?"

मी वर्तमानपत्र परत चित्रावर ओढलं.

"अण्णांची पेंड खाऊन म्हस वाळली म्हणतील लोक. त्यो अण्णा तुला आणि तुझ्या मालकाला रस्त्यावर हुबं करंल. आणि मला ह्या कट्ट्यावर तोंड दाखवायला जागा न्हाय." मग पेंटरकडं वळून, जरा मऊ आवाजात, "पावणं, तोंड लई ग्वाड काढलंसा. पर कंबर कुठं गेली तिची? ती काय सिनेमात जाणार हाय?"

पेंटरही कोल्हापूरचाच. तो काय ऐकून घेतो! "कागद हुबा हाय तुमचा, आणि म्हस आडवी हाय. माझा काय दोष? तोंड बारीक करू म्हणता? मग डोळं कुणाला दिसणार? तोंड बारीक करणार न्हाय मी. तोंड हेच माझं काम." त्यानं चित्र गुंडाळून माझ्या हातात कोंबलं आणि निघून गेला.

घरी आलो. आबा जेवून हात धुवायला उठले तेव्हा गोठ्याकडं बघून म्हणाले, "कासंडीला धूळ बसालीया. पुसून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात सगळ्यांच्या आधी पोचलो. अण्णा दहाच्या सुमाराला येणार. टेबलावर चित्र पसरलं आणि बघत बसलो. पेंटर चुकला होता, पण खोटं बोलला नव्हता. कागद उभा, म्हैस आडवी. तोंड लहान करावं तर म्हैस कोपऱ्यात मुंगीएवढी. तोंडच ठेवावं तर अण्णांना तुकतुकीत अंग कुठं दाखवायचं? पेंडीचा सगळा गुण पाठीत आणि कमरेत दिसतं, डोळ्यांत नाही. हे मी बी.ए.ला शिकलो नव्हतो, घरी शिकलो होतो.

बाइंडरनं शेजारी पावती पुस्तकांचा ढीग लावून ठेवला होता. कुठल्यातरी तालमीच्या गणपतीची राहिलेली वर्गणी. मी रिकाम्या हातांना काम म्हणून एक पुस्तक उचललं, चाळलं. आणि चाळता चाळता थांबलो.

पावती पुस्तक आडवं असतं.

रोज आमच्याच छापखान्यात आडवी पुस्तकं बांधली जात होती, डाव्या आखूड बाजूला टाके घालून. मी ती मुंबईची डायरी उचलली आणि टेबलावर आडवी ठेवली. छत्रीवाली बाई कुशीवर झोपली. तिला झोपू दे म्हटलं. आडव्या पानावर थोरली शिंगांपासून शेपटीपर्यंत मावत होती, तोंड आहे तेवढंच ठेवून. आणि आत? आत सात दिवस एकाखाली एक न घालता शेजारी शेजारी, सात उभे रकाने. प्रत्येकात वर सकाळ, खाली संध्याकाळ. चित्र डाव्या पानावर होतं तिथंच. मी पेन्सिलीनं पटकन आखून बघितलं. आधीच्यापेक्षा छान दिसत होतं. सांगतो ना, कितीतरी छान!

आता फोरमन. आमचे फोरमन म्हातारे, तोंडात सदा तंबाखू, आणि डायरीची सुरुवातीची पानं त्यांनी उभी जुळवून ठेवलेली, रेघांसाठी पितळी रूळ तोडून, चौकटी बसवून. त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी आधी तंबाखू थुंकली.

"काल हुबी, आज आडवी. उद्या तिरकी करायची असंल तर आत्ताच सांग. न्हाईतर असं कर, म्हशीलाच इथं आणून बांध. ती सांगंल कशी छापायची ती."

"काका, छापलं अजून काहीच नाही. नुसतं जुळवलंय."

"नुसतं! नुसतं म्हणतोय. बी.ए. झालास म्हणून नुसतं?"

"मी विस्कटतो. अक्षरांचे सगळे खिळे मी परत ज्याच्या त्याच्या घरात घालतो. तुम्ही फक्त नवं जुळवा."

फोरमन माझ्या पांढऱ्या शर्टाकडं बघून म्हणाले, "ह्यो घालून?"

मी शर्ट काढून खुंटीला अडकवला. बनियनवर बसलो आणि एकेक अक्षर उचलून त्याच्या त्याच्या खणात टाकायला लागलो. शाईनं बोटं काळी झाली, नाकाला हात लावला तर नाक काळं. असल्या वेळी अण्णा आले. मागोमाग मालक, आणि मालकांच्या मागं, कुणी बोलावलं नसताना, आबा. खांद्यावर टॉवेल, चेहरा पडलेला. आपल्या म्हशीमुळं मुलाला काय ऐकून घ्यावं लागतंय ते बघायला आले असणार.

अण्णांनी चित्र बघितलं. "ह्ये काय? माझ्या पेंडीत कस न्हाय, असं सांगायचंय तुमास्नी?"

मालकांनी चष्मा काढला.

"हे चित्र नाही, अण्णा," मी काळ्या हातांनी पुढं झालो. "ह्यातलं फक्त तोंड घ्यायचं. अंग पुरं येणार. डायरी आडवी होणार." आणि पेन्सिलीनं आखलेलं पान त्यांच्यापुढं ठेवलं.

अण्णांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. त्यांच्या खांद्यावरून आबा वाकले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण रकान्यांवरून बोट फिरवत गेले, एक, दोन, तीन, सातपर्यंत.

"दावणीला सात म्हशी बांधल्यागत दिसत्यात," आबा म्हणाले. "ह्ये वर सकाळचं, खाली सांजचं, व्हय रं?"

"व्हय, आबा."

"मग बराबर हाय."

अण्णा आबांकडं वळले. "पावणं, तुम्ही कोण?"

"म्हशीचा मालक," आबा म्हणाले. मुलाचा बाप म्हणून नाही सांगितलं. पण पुढं म्हणाले, "आणि ह्यो जो काळा झालाय ना, त्यो माझाच."

अण्णा हसले आणि पान मालकांच्या हातात दिलं. "करा आडवी. पर अंग पुरं बघितल्याशिवाय पैलं पान छापायचं न्हाय."

राहिला पेंटर. त्याच्याकडं मी एकटा गेलो नाही, आबांना घेऊन गेलो. आबांनी जाताना एक लोटीभर दूध नेलं. पेंटर रुसून दार उघडेना. आबा बाहेरूनच म्हणाले, "पावणं, तोंड बारीक करायचं न्हाय. कागद मोठा झालाय." दार उघडलं. ह्या खेपेला पेंटर स्वतः गोठ्यात आला. दोन दिवस शेणाच्या वासात बसून त्यानं थोरलीची पाठ काढली, पोट काढलं, कास काढली. आईनं थोरलीला धुऊन तेल लावलं होतं. पेंटर म्हणाला, "असली चमक मला नटीच्या गालावर पण मिळत न्हाय." आई इतकी खूश झाली की त्याला दोन्ही दिवस जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पूर्ण चित्र बघून अण्णा एवढंच म्हणाले, "डोळं बाईगत काढल्यात."

"ते ऱ्हाऊ द्या," पेंटर म्हणाला. "ते माझं हाय."

राहिले. डायरी छापून झाली, बांधून झाली, आणि दिवाळीच्या आधी पेंडीच्या पोत्यांबरोबर गारगोटीला, मलकापूरला, कुरुंदवाडला गेली. पहिलं पुस्तक मी घरी आणलं. आईनं ते देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्या पुठ्ठ्यावर थोरलीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर आजही कुंकवाचा डाग आहे.

आणि पाडवा आला.

पाडव्याला आमच्याकडं म्हशींचं असतं सगळं. शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ, अंगावर गुलालाची नक्षी, आणि वाजतगाजत मिरवायचं. त्या वर्षी थोरलीला बघायला लोक डायरी हातात घेऊन आले. पुठ्ठा तिच्या शेजारी धरून जुळवून बघत होते. "व्हय की, तीच!" "पर हिचा कान फाटका हाय, हितं न्हाय." "अरे, ते झाकलंय." समोरचे गवळीही आले. बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मला म्हणाले, "पुढच्या साली आमची बी आडवी मावंल काय रं?" आबांनी हे ऐकलं. मिशीतून हसले. पण माझ्याकडं बघून म्हणाले, "पाडवा झाला, बी.ए."

ते विसरले नव्हते.

संध्याकाळी कट्ट्यावर गुलालानं माखलेली थोरली उभी होती, आणि आबांनी त्या दिवशी बरोबर नवी कासंडी आणली होती. लखलखीत. तेवढ्यात मालक आले. छापखान्याचे मालक, ह्या कट्ट्यावर पहिल्यांदाच, पांढऱ्या धोतरात, गुलालापासून अंग चोरत. आबांना नमस्कार करून म्हणाले, "अहो, तुमच्या मुलाला मी कायम करतोय. अण्णांनी पुढच्या वर्षाचंही काम दिलंय. त्याला माझ्याकडंच राहू द्या."

आबा थोरलीच्या शेजारी बसले, नवी कासंडी गुडघ्यात धरली आणि धार सुरू केली. पितळेवर पहिली धार वाजली, ठण्ण. मग फेस वर आला. काठोकाठ भरल्यावर ती कासंडी आबांनी दोन्ही हातांनी मालकांपुढं धरली.

"प्या."

"एवढं?" मालकांनी चष्मा काढला.

"माझं पोरगं मागालायसा. एवढं तरी पिऊन दाखवा. मग बघू."

"प्या मालक, प्या!" पैलवान ओरडला. "दम सोडू नगासा!"

मालकांनी कासंडी तोंडाला लावली. आयुष्यात चहाच्या कपापेक्षा मोठं भांडं त्यांनी उचललं नसेल. गळ्यातली घाटी वरखाली होत होती. फेस नाकाला लागला, चष्मा नसल्यामुळं कुठं बघताहेत ते कळेना, धोतरावर दूध सांडलं. चौक घोट मोजत होता. समोरचे गवळीसुद्धा टाळ्या वाजवत होते. शेवटी मालकांनी कासंडी खाली केली, हात वर केला आणि म्हणाले, "अहो, बास. नाही जात."

आबांनी आत डोकावून बघितलं. सगळ्यांना दाखवलं.

"निम्मं पिलासा," ते म्हणाले. "मग निम्मा दिस तुमचा, निम्मा माझा. सकाळी धारा काढून मग त्यो तुमच्याकडं. कबूल?"

"कबूल," मालक म्हणाले आणि मोठी ढेकर दिली. त्यांच्यासारख्या माणसाला त्याची लाज वाटली, पण चौकाला फार आवडली.

डायरीत दिवसाचे दोन खण मीच पाडले होते, वर सकाळ, खाली संध्याकाळ. आबांनी मलाच त्यात बसवून टाकलं. मला त्यात कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. पुढं त्या छापखान्याचा मी मॅनेजर झालो, अण्णांची डायरी वर्षानुवर्षं आडवीच निघाली, आणि दहा वाजता प्रुफं तपासायला बसणाऱ्या माझ्या हातांना रोज दुधाचा वास असायचा. फोरमन म्हणायचे, कागदाला साय धरंल एखाद्या दिवशी.

पण त्या पहिल्या सकाळचं सांगून थांबतो. भाऊबीजेच्या दिवशी मी नवी कासंडी गुडघ्यात धरून थोरलीशेजारी बसलो. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, त्याच लांब पापण्यांच्या डोळ्यांनी. एक पाय उचलला. धरला. आणि ह्या वेळी टाकला. कासंडी गडगडत आबांच्या पायापाशी जाऊन थांबली.

आबा पोट धरून हसत खाली बसले. "सांग की तिला," ते म्हणाले, "सांग, बी.ए. हाय म्हणून!"